पाण्याला लागून असलेला तुकडा एन्क्लेव्ह का एक्सक्लेव्ह, हे ठरवायचं कसं

नकाशाचा नाद असलेल्या माणसाला हा विषय एकदा लागला की सुटत नाही. जमिनीवरचं असेल तर सोपं असतंय, लेसोथो चारी बाजूंनी दक्षिण आफ्रिकेत, सॅन मरिनो इटलीत, विषय संपला. पण एका अंगाला समुद्र, नदी नाहीतर तलाव आला की सांगलीतल्या अभ्यासिकेत सुद्धा एमपीएससीची पोरं चहा गार होईस्तोवर वाद घालत बसतात, कॅलिनिनग्राड कशात धरायचं, मोनॅकोचं काय, आपल्या दीवचं काय. हा वाद होतो कारण आपण नकाशात निळा रंग दिसला की तिथं हद्द संपली असं धरून चालतो. तसं नसतंय. पाण्याला पण मालक असतो, आणि तो कोण हे शोधलं की निम्म्याच्या वर काम झालेलं असतंय. म्हणून ही सगळी पद्धत एकदा सविस्तर लिहून काढतोय.

आधी दोन शब्द सरळ करून घेऊ. एन्क्लेव्ह ठरवताना बाहेरून बघायचं, म्हणजे या तुकड्याच्या चारी बाजूंना एकाच दुसऱ्याची हद्द आहे का. एक्सक्लेव्ह ठरवताना घरून बघायचं, म्हणजे हा तुकडा आपल्याच मुख्य भागापासून तुटलाय का आणि मधे दुसऱ्याची हद्द आलीय का. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोन्हीची उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात. लेसोथो एन्क्लेव्ह आहे पण एक्सक्लेव्ह नाही, कारण तो कुणाचा तुटलेला तुकडाच नाही, आख्खा देश आहे. अझरबैजानचं नखचिवान एक्सक्लेव्ह आहे पण एन्क्लेव्ह नाही, कारण त्याच्या भोवती आर्मेनिया, इराण आणि थोडासा तुर्की असे तीन जण आहेत. बांगलादेशातल्या भारताच्या १११ छिटमहालांपैकी, म्हणजे बांगलादेशाच्या पोटात अडकलेल्या भारताच्या तुकड्यांपैकी, बहुतेक दोन्ही होते. त्यामुळे 'हे एन्क्लेव्ह का एक्सक्लेव्ह' असा प्रश्न आला की दोन ओळी लिहायच्या, एकीत पहिल्याचं उत्तर, दुसरीत दुसऱ्याचं.

आपल्या भागातल्या माणसाला ही गोष्ट परकी वाटायला नको खरं तर. औंध संस्थान बघा की, राजधानी औंध आज सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यात, आणि त्याच संस्थानची आटपाडी, कुंडल ही गावं आज सांगली जिल्ह्यात, आणि मधे ब्रिटिश मुलूख नाहीतर दुसऱ्या संस्थानांची गावं. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली ती कुंडलजवळ औंधच्याच हद्दीत. सांगलीच्या पटवर्धनांची गावं सुद्धा अशीच विखुरलेली, पार बेळगावजवळच्या शहापूरपर्यंत. १९४८ ला संस्थानं विलीन झाली, १९४९ ला दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० ला त्याचं नाव सांगली झालं, आणि ती सगळी ठिगळं एका रंगात आली. जुना नकाशा मिळाला तर जरूर बघा, जगातला कुठलाही गुंतागुंतीचा नमुना वाचायला तेवढा सराव पुरतो.

आता पद्धत. सगळ्यात आधी पातळी ठरवायची, आपण देश बघतोय, राज्य बघतोय का जिल्हा. हे न ठरवता सुरुवात केली की पुढचं सगळं भांडण फुकट जातंय. माहे घ्या. केरळच्या किनाऱ्यावर जेमतेम ९ चौरस किलोमीटरचा तुकडा, कारभार पुदुच्चेरीचा. देशाच्या पातळीवर तो काहीच नाही, भारतातच आहे. राज्याच्या पातळीवर मात्र पुदुच्चेरीचा एक्सक्लेव्ह आहे, जमिनीच्या बाजूंनी केरळ आणि पश्चिमेला अरबी समुद्र. यानमचं तसंच, गोदावरीच्या काठावर, भोवती आंध्र. दादरा आख्खं गुजरातच्या पोटात आहे, समुद्राचा संबंधच नाही, आणि दमण त्याच केंद्रशासित प्रदेशाचं असून समुद्राला लागून. एकाच प्रशासनाखालचे दोन तुकडे आणि दोघांची जात वेगळी.

मग खरं काम, पाण्याचा मालक शोधणं. इथं समुद्र आणि तलाव-नदी यांचे नियम वेगळे आहेत, ते एकत्र करायचे नाहीत.

समुद्रासाठी १९८२ चा संयुक्त राष्ट्रांचा सागरी कायदा करार धरायचा. किनाऱ्याच्या आधाररेषेपासून, म्हणजे साधारण ओहोटीच्या रेषेपासून, १२ सागरी मैलांपर्यंतचं पाणी हे त्या देशाचं प्रादेशिक पाणी. १ सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, तर हे अंतर होतंय २२ किलोमीटरच्या थोडं वर. तिथं त्या देशाचं सार्वभौमत्व चालतं, फक्त परक्या जहाजाला त्रास न देता निघून जाण्याचा हक्क असतो. भारताने हे १२ मैल १९७६ च्या कायद्याने घालून घेतलेत. आधाररेषेच्या आतलं पाणी, म्हणजे छोट्या खाड्या, नदीची मुखं, बंदरं, हे तर घरातलंच पाणी. आणि १२ मैलांच्या पुढं कुणाचीच हद्द नाही. हे नीट लक्षात ठेवा कारण २०० मैलांचं अनन्य आर्थिक क्षेत्र नकाशात रंगवून दाखवतात आणि लोक ते हद्द समजतात. त्या क्षेत्रात मासे, तेल, वायू यांच्यावर हक्क असतो, मालकी नसते. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळ सेंट पियेर आणि मिकेलॉन ही फ्रान्सची बेटं आहेत, १९९२ च्या लवादाने त्यांना दक्षिणेकडं १०.५ मैल रुंद आणि २०० मैल लांब असा चिंचोळा पट्टा दिला, लोक त्याला 'बगेत' म्हणजे लांबडा फ्रेंच पाव या नावाने ओळखतात. त्या पट्ट्याभोवती कॅनडाचं आर्थिक क्षेत्र आहे म्हणून ही बेटं कॅनडाचा एन्क्लेव्ह झाली असं कुणी म्हणालं तर ते चूक आहे, आर्थिक क्षेत्राने कुणी वेढला जात नाही.

तलाव आणि नदीत हे १२ मैल वगैरे काही नसतंय. तिथं जुना तह काय म्हणतो ते चालतं आणि बहुतेक वेळा सगळं पाणी वाटून टाकलेलं असतंय, मधे कुणाचंच नाही असा भाग उरत नाही. अपवाद आहेत, बोडन तलावाच्या मोठ्या भागाबद्दल जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड यांच्यात एकमताची सीमाच नाही, पण असे थोडे.

या एका फरकानं काय होतंय ते दोन जागा शेजारी ठेवून बघा. कॅलिनिनग्राड, रशियाचा साधारण १५,००० चौरस किलोमीटरचा तुकडा, उत्तर-पूर्वेला लिथुएनिया, दक्षिणेला पोलंड, पश्चिमेला बाल्टिक समुद्र. आणि काम्पियोने दितालिया, इटलीचं एक छोटं गाव, लुगानो तलावाच्या काठावर, जमिनीच्या बाजूने सगळं स्वित्झर्लंड. दोघांनाही पाणी आहे, दोघांचेही लोक घरातून निघून बोटीत बसू शकतात. कॅलिनिनग्राडची बोट रशियाच्या १२ मैलांतून बाहेर पडली की मोकळ्या समुद्रात, कुणाच्या हद्दीत पाय न ठेवता पुढं सेंट पीटर्सबर्गकडं निघू शकते. काम्पियोनेची बोट तलावात गेली की गावाचं स्वतःचं इटालियन पाणी ओलांडल्याबरोबर स्विस पाण्यात शिरते, दुसरी वाटच नाही. म्हणून काम्पियोने पाण्याकाठी असूनही पुरा एन्क्लेव्ह आहे आणि एक्सक्लेव्ह पण आहे. कॅलिनिनग्राड एक्सक्लेव्ह आहे, एन्क्लेव्ह नाही, एक तर शेजारी दोन आणि वर समुद्र मोकळा.

तर मालक कळला की ही बोट सोडून बघायची परीक्षा प्रत्येक जागेला लावायची. तुकड्यातून बोट सुटली, आता ती कुठून जाते? तीन शक्यता असतात.

एक, बोट पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःच्याच पाण्यात राहून मुख्य भागाला पोचते. मग हद्दीच्या हिशोबाने तो तुकडा तुटलेलाच नाही, जमिनीवरून दुसऱ्याच्या हद्दीतून जावं लागत असलं तरी. अशा जागेला पेने-एक्सक्लेव्ह म्हणतात, जी. डब्ल्यू. एस. रॉबिन्सन या भूगोलतज्ज्ञाने १९५९ मधे जी वर्गवारी मांडली त्यात हा प्रकार आहे, म्हणजे जिथं सोयीने, विशेषतः गाडीने, जायचं तर परक्या हद्दीतूनच जावं लागतं असा स्वतःचाच भाग. शेत तुमचं, सातबारा तुमच्या नावावर, पण बैलगाडी न्यायची तर दुसऱ्याच्या रानातनं, तसलं हे प्रकरण. अमेरिकेतलं पॉइंट रॉबर्ट्स हा याचा सगळ्यात चांगला नमुना. १८४६ च्या तहात ४९ अक्षांशावर सरळ रेघ मारली आणि कॅनडाच्या बाजूने खाली आलेल्या एका द्वीपकल्पाचं टोक रेघेच्या दक्षिणेला राहिलं, म्हणून ते अमेरिकेचं. तिथल्या थोड्या मोठ्या पोरांना शाळेला बसने कॅनडातून जावं लागतं, जाताना दोन आणि येताना दोन वेळा सीमा. पण पूर्वेच्या उपसागरात सीमा त्याच अक्षांशावरून जाते, दक्षिणेचं पाणी अमेरिकेचंच. २०२० ला कोविडमधे सीमा बंद झाली तेव्हा ऑगस्टमधे थेट बेलिंगहॅमला फेरीबोट सुरू केली, म्हणजे ते पाणी नुसतं कागदावरचं नाही. मिनेसोटाच्या नॉर्थवेस्ट अँगलला तर २०२१ च्या हिवाळ्यात गोठलेल्या तलावावरून रस्ता केला, कॅनडाला वळसा घालून.

दोन, बोट स्वतःच्या पाण्यातून निघते, मग मोकळ्या समुद्रात जाते, आणि तिकडून परत स्वतःच्या पाण्यात. जमिनीच्या बाजूने तुकडा दुसऱ्याने अडवलाय पण समुद्र उघडा आहे. हा किनारी एक्सक्लेव्ह, काही लोक अर्ध-एक्सक्लेव्ह म्हणतात. अलास्का, अंगोलाचं काबिंडा, ओमानचं मुसंदम, तिमोर-लेस्तेचं ओएकुस्से हे सगळे यात. आणि तुकडा नसून आख्खा देशच असा एका शेजाऱ्याच्या कुशीत असेल तर अर्ध-एन्क्लेव्ह, जसं गांबिया सेनेगलमधे आणि मोनॅको फ्रान्समधे. मोनॅकोची गोष्ट मला फार आवडते, किनारा इतका लहान की शेजारच्या फ्रेंच किनाऱ्याच्या मैलांनी तो सहज गिळला असता, पण १९८४ ला दोघांनी करार करून मोनॅकोला समुद्राकडं जाणारी स्वतःची चिंचोळी पट्टी ठरवून दिली.

इथंच एक काळजी घ्या, नुसतं बेट आहे म्हणून एक्सक्लेव्ह होत नाही. अंदमान-निकोबार मुख्य भूमीपासून शेकडो किलोमीटर लांब आहे पण मधे दुसऱ्या कुणाची हद्द नाही, मोकळा समुद्र आहे, तर ते साधं बेट. लक्षद्वीप पण तसंच.

तीन, बोटीला लगेच परकं पाणीच लागतं. हा पुरा एक्सक्लेव्ह, आणि ते परकं पाणी सगळीकडून एकाचंच असेल तर एन्क्लेव्ह पण. मलावी तलावात लिकोमा आणि चिझुमुलू ही दोन बेटं आहेत मलावीची, पण ती मोझांबिकच्या किनाऱ्याला चिकटून, भोवतीचं पाणी मोझांबिकचं. १९ व्या शतकात इंग्रज मिशनरी लिकोमावर बसले होते, म्हणून वाटणीत ती बेटं इंग्रजांच्या न्यासालँडकडं, म्हणजे आजच्या मलावीकडं, राहिली. दक्षिण अमेरिकेत रिओ दे ला प्लातामधलं मार्टिन गार्सिया बेट अर्जेंटिनाचं आणि पाणी उरुग्वेच्या बाजूचं, १९७३ च्या तहाने ते तसंच पक्कं केलं. पुढं गाळ साठत साठत ते शेजारच्या उरुग्वेच्या बेटाला जोडलं गेलं, आणि पाण्यातल्या बेटाला चक्क जमिनीवरची सीमा आली.

उलटं पण असतंय. सायप्रसवरच्या धेकेलिया वीज केंद्राचा दक्षिणेचा भाग समुद्राला लागून आहे, जमीन सायप्रसची, पण भोवती ब्रिटिश लष्करी तळाची हद्द आणि समोरचं पाणी सायप्रसला स्वतःचं म्हणता येत नाही. डोळ्याला किनारा दिसतो, कागदावर पाणी नाही. असल्या जागेला एका शब्दात बसवायचा हट्ट करू नये, जे आहे ते वाक्यात लिहावं.

नदीचं प्रकरण वेगळं सांगायला लागतंय, आणि कृष्णाकाठच्या माणसाला ते पटकन कळेल. नदी सीमा आहे असं आपण बोलून जातो, पण नदीतली नेमकी कुठली रेघ? कधी जहाजं जातात त्या सर्वांत खोल प्रवाहाची रेघ असते, कधी पात्राची मधली रेघ, आणि कधी सीमा चक्क एका काठावर असते आणि आख्खी नदी एकाचीच. अमेरिकेत केंटकी आणि ओहायोची सीमा ओहायो नदीच्या उत्तर काठाजवळ १७९२ ला जिथं कमी पाण्याची रेषा होती तिथं आहे, १९८० ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तेच सांगितलं, म्हणजे जवळपास सगळी नदी केंटकीची. नदीतलं बेट कुणाचं हे ठरवायच्या आधी ही रेघ सापडलीच पाहिजे.

दुसरी गोष्ट, नदी जागा सोडते. हळूहळू एका काठाला गाळ टाकत, मळीची जमीन वाढवत सरकली तर सीमा सहसा तिच्याबरोबर सरकते. पण एखाद्या पुरात पात्र एकदम तोडून दुसरीकडून वाहायला लागली तर सीमा जुन्या पात्रातच राहते. पाण्याकाठचे कितीतरी एक्सक्लेव्ह या दुसऱ्या नियमाने जन्मलेत. कार्टर लेक बघा, आयोवा राज्यातलं गाव, १८७७ च्या पुरात मिझुरी नदीने वळण तोडलं आणि गाव नदीच्या पलीकडं नेब्रास्काच्या बाजूला पडलं. दोन्ही राज्यं भांडली, १८९२ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पात्र एकदम बदललंय तर सीमा जुनीच. आज त्या गावातून बाहेर पडलं की लगेच नेब्रास्कातलं ओमाहा. केंटकी बेंड मात्र नदी सरकल्याने नाही, सरळ आखलेल्या सीमारेघेने नदीचं वळण कापल्याने झाला, मिसिसिपीच्या मोठ्या वळणात अडकलेला केंटकीचा तुकडा, तिन्ही बाजूंना नदी आणि पलीकडं मिझुरी, जमिनीची वाट फक्त टेनेसीतून. तुटलेला आहे म्हणून एक्सक्लेव्ह, पण शेजारी दोन आहेत म्हणून एन्क्लेव्ह नाही.

२००५ आणि २०१९ ला कृष्णेच्या पाण्याने आपल्याकडची गावं बेटं होऊन बसली होती, ते सगळ्यांनी बघितलंय. तशा तात्पुरत्या वेढ्याने हद्दीत काही फरक पडत नाही. कायमच्या वेढ्याने पण पडेलच असं नाही. वाळवा तालुक्यात बहे इथं कृष्णेच्या पात्रातलं रामलिंग बेट आहे, दोन्ही अंगांनी नदी, पण दोन्ही काठ त्याच तालुक्यातले, म्हणजे ते नुसतं बेट. कोयनेच्या शिवसागर जलाशयापलीकडची कांदाटी खोऱ्यातली गावं तापोळ्याहून लाँचने गाठावी लागतात, आजारी माणसाला आणायचं तर किती हाल होतात ते तिथल्या लोकांना विचारा. पण मधलं पाणी सातारा जिल्ह्याचंच, बुडालेल्या गावांच्या शिवा पाण्याखाली तशाच आहेत, तर हद्दीच्या भाषेत हा एक्सक्लेव्ह नाही. त्यांची अडचण खरी आहे, ती वाहतुकीची आहे, दोन्ही गोष्टी वेगळ्या नोंदवायच्या.

माणसाने भर घातलेली जमीन असेल तर तारीख शोधा. न्यूयॉर्कजवळचं एलिस बेट मूळचं साधारण ३ एकर, नंतर भर टाकत टाकत २७ एकरांच्या पुढं नेलं. १८३४ च्या करारात बेट न्यूयॉर्कचं आणि भोवतीच्या पाण्याखालचा तळ न्यू जर्सीचा असं ठरलं होतं. १९९८ ला न्यायालयाने सांगितलं की भर पाण्यात टाकलीय तर ती जमीन न्यू जर्सीची. आता मूळ ३ एकर न्यूयॉर्कचे आणि भोवती न्यू जर्सी, एकाच बेटावर. पूर्वी पाण्याने वेढलेला होता, आता जमिनीने, पण मालक तोच म्हणून जात बदलली नाही.

पुलाने सुद्धा जात बदलत नाही. क्रोएशियाचा दुब्रोवनिककडचा भाग बोस्नियाच्या नेउम किनाऱ्याने जमिनीवर तुटलेला, पण समुद्रातून क्रोएशियाचंच पाणी लागून होतं. जुलै २०२२ ला पेल्येशाचचा पूल झाला आणि पासपोर्ट न काढता गाडी जायला लागली. ब्रुनेईचं तेंबुरोंग तसंच, मधे मलेशियाचं लिंबांग, २०२० ला ब्रुनेईच्या उपसागरावरून ३० किलोमीटरचा पूल. दोन्हीकडं हद्द आधीपासून सलग होती, पुलाने फक्त गैरसोय गेली. पेने-एक्सक्लेव्ह हा शब्द सोयीवर बेतलेला आहे म्हणून तो काढून टाकायचा, एवढंच.

कॉम्प्युटरवर करत असाल तर क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते वापरा. फक्त लेयर, म्हणजे सीमांचा तयार नकाशा, कुठला घेताय ते बघा. नॅचरल अर्थचा देशांचा लेयर किनाऱ्यावर कापलेला असतो, त्यावर तुकडे सुटे करणारं मल्टिपार्ट टू सिंगलपार्ट्स हे टूल चालवलं की प्रत्येक बेट सुटा तुकडा म्हणून बाहेर पडतं आणि यादी बघून डोकं फिरतं. ओपनस्ट्रीटमॅपच्या देशसीमा बहुतेक ठिकाणी १२ मैलांपर्यंत समुद्रात नेलेल्या असतात, त्यावर तेच टूल चालवलं की स्वतःच्या पाण्याने जोडलेली बेटं एकत्र राहतात आणि जे सुटं निघतं तेच खरं तपासण्यासारखं उरतं. तालुका-गाव पातळीवर काम असेल तर भूमी अभिलेखचे गावनकाशे आहेत, महाभूनकाशावर बघता येतात, नदीत शीव कुठून जाते ते उपग्रहाच्या फोटोवरून ठरवू नका.

शेवटी नोंद लिहायची ती अशी: पातळी, मालक, जमिनीवरचे शेजारी, पाण्याचा मालक आणि आधार, बोट कुठून जाते, एन्क्लेव्ह हो का नाही, एक्सक्लेव्ह हो का नाही, आणि तारीख. तारीख विसरू नका. दहाग्राम-अंगारपोता हा बांगलादेशाचा तुकडा तीन बिघा कॉरिडॉर या भारतातल्या चिंचोळ्या वाटेने १९९२ पासून ठरावीक तास आणि २०११ पासून चोवीस तास उघडा आहे, तर त्याच बांगलादेशाचे भारतातले बाकीचे ५१ तुकडे ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री अदलाबदलीत संपले. त्या तारखेच्या आधीची यादी आणि नंतरची यादी दोन्ही बरोबर असतात, फक्त कुठली कधीची ते वर लिहिलेलं पाहिजे.